कसारा घाट आणि जुनी पिकअप : जीर्णोद्धार, आधुनिकीकरण व दैनंदिन वापर

प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांत चारचाकी वाहनाचा इतिहास हा बऱ्याच अंशी जीपचा इतिहास आहे. मुंबईची उपनगरी रेल्वे कसाऱ्याला संपते आणि तेथून पुढे नाशिककडे जाणारा प्रवासी स्थानकाबाहेरच्या सामायिक टॅक्सीत बसतो. ही वहिवाट जीपगाड्यांनीच रुजवली. डोळखांब, खर्डी, टोकावडे या बाजूंना भात, गवताचे भारे, दुधाचे कॅन आणि बाजारहाट यांची ने-आण करण्यासाठी दीर्घकाळ याच जातीच्या गाड्या वापरात होत्या. त्यांपैकी काही अद्याप टिकून आहेत. काही गोठ्याच्या कडेला विटांवर उभ्या आहेत, तर काही दुसऱ्याच गाडीचे इंजिन पोटात घेऊन चालत आहेत. गेल्या काही वर्षांत अशा गाड्या विकत घेऊन किंवा घरचीच गाडी बाहेर काढून ती पुन्हा रोजच्या वापरात आणण्याकडे कल वाढलेला दिसतो. यात हौशी लोक आहेत, तसेच नवी पिकअप परवडत नाही म्हणून जुनी उभी करू पाहणारे शेतकरीही आहेत.

प्रस्तुत लेखात अशा गाडीचा जीर्णोद्धार आणि आधुनिकीकरण यांचे तांत्रिक व कायदेशीर अंगांनी विवेचन केले आहे. मूळ रूप जपणे आणि रोज चालवणे ही दोन उद्दिष्टे सर्वस्वी परस्परपूरक नाहीत. त्यांच्यातील सीमारेषा कोठे आखावी, याचे उत्तर येथील घाट आणि मोटार वाहन कायदा हे दोघे मिळून देतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाहनाचा परिचय

महिंद्र बंधू आणि गुलाम मोहंमद यांनी १९४५ मध्ये स्थापन केलेल्या कंपनीने स्वातंत्र्यानंतर लगेचच अमेरिकेच्या विलीज कंपनीच्या जीपची जुळणी हाती घेतली. १९४९ मध्ये माझगाव येथे ही जुळणी सुरू झाली. पुढे सुटे भाग येथेच तयार होऊ लागले. आपल्या ग्रामीण भागाला परिचित असलेली उंच बोनेटची जीप त्याच परंपरेतली. तिची दोन चाकांमधली लांबी ८० इंच, म्हणजे सुमारे २,०३२ मिलिमीटर होती. तिच्यात हरिकेन नावाचे २,१९९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन असे. या इंजिनाची रचना विशेष आहे. त्यात आत घेणारा व्हॉल्व्ह सिलिंडरच्या डोक्यावर, तर बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये बसवलेला असतो.

याच यंत्रसामग्रीवर आधारलेली पिकअप म्हणजे एफ.सी. १५०. अमेरिकेत ती १९५६ च्या अखेरीस आली आणि १९६५ मध्ये तेथे बंद झाली. नेमक्या त्याच सुमारास महिंद्रने तिचे उत्पादन भारतात सुरू केले. तिच्यात बोनेट जवळजवळ नाहीच. चालक पुढच्या आसाच्या वर बसतो, इंजिन त्याच्या बाजूला झाकणाखाली असते आणि त्यामुळे अवघ्या ८१ इंचांच्या चाकअंतरावरही मागे बऱ्यापैकी लांब हौदा मिळतो. नंतर ९३ इंच चाकअंतराची एफ.सी. १६० आणि डिझेल इंजिनाच्या आवृत्त्याही निघाल्या. एफ.सी. १५० चे भारासह अनुज्ञेय वजन अमेरिकी मापाने ५,००० पौंड, म्हणजे सुमारे २,२७० किलो होते. टाटा ४०७ हा छोटा ट्रक १९८६ मध्ये बाजारात आला. त्यापूर्वी एवढ्या आकाराच्या मालवाहू गाड्यांत खरेदीदारापुढे फारसे पर्याय नव्हते. पुण्याच्या बजाज टेम्पोच्या गाड्या आणि ही जीप-पिकअप एवढ्यांतच निवड करावी लागे.

या गाडीचा एक अंगभूत दोष मात्र येथेच नमूद केला पाहिजे, कारण पुढील सर्व चर्चा त्याच्याभोवती फिरते. चालक, इंजिन आणि गिअरपेटी असा सगळा भार पुढे असल्याने रिकामी गाडी नाकाकडे जड होते. अमेरिकेत सुरुवातीच्या गाड्यांच्या सांगाड्याला मागील टोकाशी बिडाचे वजनच बांधावे लागले होते. घाट उतरताना हे नाक आणखी जड होते.

'जीर्णोद्धार' या शब्दाचा अर्थ

मराठीत जीर्णोद्धार हा शब्द देवळांवरून आला आहे आणि देवळांचा अनुभव फारसा उत्साहवर्धक नाही. हेमाडपंती दगडावर ऑइलपेंट आणि गाभाऱ्यात चकचकीत फरशी, यालाही आपल्याकडे जीर्णोद्धारच म्हणतात. जुन्या गाड्यांबाबत असेच घडते. ताजा रंग, रुंद टायर, छतावर दिव्यांची माळ आणि आत गाण्यांचे यंत्र बसले की गाडी 'नवी केली' असे मानले जाते. मात्र ब्रेकच्या नळ्या चाळीस वर्षांपूर्वीच्याच राहतात.

काटेकोर अर्थाने पाहता तीन वेगळ्या क्रिया संभवतात. पहिली क्रिया दुरुस्तीची. तीत झिजलेला भाग काढून त्याच प्रकारचा नवा भाग बसवला जातो. दुसरी जीर्णोद्धाराची. तीत गाडी कारखान्यातून निघाली त्या स्थितीला, भागांच्या जातीसह, परत नेली जाते. तिसरी आधुनिकीकरणाची. तीत मूळ रचनेत नसलेली सोय किंवा सुरक्षितता मुद्दाम घातली जाते. या तिन्हींची सरमिसळ करणे ही व्यवहारातील सर्वांत खर्चीक चूक होय. मूळ सहा व्होल्टची विद्युत व्यवस्था हौसेने जपायची आणि त्याच गाडीने पावसाळ्यात रात्री घाट चढायचा, हे जमणारे नाही.

कायद्याची चौकट

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात असा बदल करता येत नाही की ज्यामुळे नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांशी विसंगत होतील. वाहनाच्या मूलभूत वैशिष्ट्यात फरक पाडणारा रचनेतील बदल, असा 'फेरबदल' या शब्दाचा अर्थ कायद्यातच दिला आहे. केरळमधून आलेल्या एका प्रकरणात ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा कठोर अर्थ उचलून धरला. इंधनाचा प्रकार बदलण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसवण्याची मुभा कायद्यात आहे. इंजिन बदलायचे तर नोंदणी प्राधिकाऱ्याची संमती आणि पुस्तकात नोंद आवश्यक ठरते. चाकअंतर वाढवणे, सांगाडा कापून जोडणे किंवा हौद्याच्या जागी प्रवासी आसने बसवणे या गोष्टी मात्र सरळ निषिद्ध क्षेत्रात जातात.

दुसरी तरतूद 'व्हिंटेज' वाहनांची आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये केलेल्या दुरुस्तीनुसार प्रथम नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी, मूळ रूपात राखलेली आणि सांगाडा, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा बदल न झालेली वाहने या वर्गात येतात. त्यांना 'व्हीए' ही अक्षरे असलेला स्वतंत्र क्रमांक मिळतो. या दुरुस्तीने नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षे आणि नूतनीकरणाचे शुल्क ५,००० रुपये ठरवले. अनेकांच्या नजरेतून निसटणारी अट यानंतर येते. असे वाहन नियमित किंवा व्यापारी कामासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे, देखभाल आणि त्यासाठीची ये-जा एवढ्यापुरतीच त्याला परवानगी आहे.

म्हणजे १९६० च्या दशकातील पिकअप वयाने या व्याख्येत बसली, तरी मालकाला निवड करावी लागते. व्हिंटेज दर्जा घेतला की रोजचा वापर संपतो. रोजचा वापर हवा असेल, तर सामान्य वाहन म्हणूनच नोंदणी आणि योग्यता प्रमाणपत्र जिवंत ठेवावे लागते. खासगी वाहनाची नोंदणी पंधरा वर्षांनंतर पाच-पाच वर्षांसाठी नूतनीकृत होते. मोटारगाडीसाठी या नूतनीकरणाचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून ६०० वरून ५,००० रुपयांवर नेण्यात आले. मालवाहू म्हणून नोंद असलेल्या आठ वर्षांवरील गाडीला दरवर्षी योग्यता तपासणी चुकत नाही. एक सवलत मात्र उपयोगी पडते. भारासह एकूण वजन ३,००० किलोंच्या आत असलेल्या मालवाहू वाहनाला कलम ६६ खालील परवाना लागत नाही आणि आपली पिकअप या मर्यादेत बसते. म्हणून पाना हाती घेण्यापूर्वी नोंदणीपुस्तक हाती घ्यावे. गाडीचा वर्ग, इंधन, इंजिन क्रमांक आणि सांगाड्याचा क्रमांक प्रत्यक्ष गाडीशी ताडून पाहावा.

ही ताडणी येथे विशेष महत्त्वाची आहे. डिझेल पेट्रोलपेक्षा बरेच स्वस्त असण्याच्या काळात असंख्य पेट्रोल जीपगाड्यांत डिझेल इंजिने बसवली गेली. महिंद्रने स्वतः फ्रान्सच्या प्यूजोच्या परवान्याने बनवलेले २,११२ घनसेंटिमीटरचे एक्स.डी.पी. इंजिन त्यांत प्रमुख होते. महिंद्रचा इंजिन कारखाना घाटमाथ्यावर इगतपुरीलाच असल्याने हा विषय येथील मेकॅनिकांना परका नाही. अशा बदलांपैकी किती पुस्तकात नोंदले गेले, हा वेगळा प्रश्न. डिझेलच्या दरावरील सरकारी नियंत्रण ऑक्टोबर २०१४ मध्ये उठले आणि त्या इंजिनबदलामागचे आर्थिक कारण बरेचसे क्षीण झाले. विसंगती मात्र गाडीच्या पोटात आणि कागदावर तशीच उरली आहे. इंजिन क्रमांक जुळत नसेल, तर पुढचा एकही रुपया खर्च करण्यापूर्वी हा प्रश्न परिवहन कार्यालयात सोडवून घ्यावा. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्वेक्षक तोच क्रमांक वाचणार आहे.

घाट आणि ब्रेक

कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढणारा थळ घाट अभियंत्यांना परिचित आहे. १८६५ मध्ये खुल्या झालेल्या येथील रेल्वेमार्गाचा चढ सदतीसास एक आहे आणि कसारा ते इगतपुरी उंचीतील फरक सुमारे ३०० मीटर आहे. रस्त्यालाही तेवढीच उंची पार करावी लागते. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्यापासून काही वाहतूक बोगद्यातून जाते. तथापि कसाऱ्याच्या माणसाला घाट टळलेला नाही.

आता साधे गणित पाहू. भारासह २,२०० किलो वजनाची पिकअप ३०० मीटर खाली उतरली की सुमारे ६.५ मेगाज्यूल स्थितिज ऊर्जा मोकळी होते. एवढ्या ऊर्जेने सुमारे वीस लिटर पाणी २५ अंशांवरून उकळीला आणता येईल. या ऊर्जेचा काही भाग टायर आणि हवेचा रोध खातो. उरलेला भाग इंजिन किंवा ब्रेक यांनीच पचवायचा असतो. चारही ड्रम प्रत्येकी सात किलोंचे धरले आणि एकूण ऊर्जेचा केवळ एक तृतीयांश त्यांत साठला, तर बिडाचे तापमान सुमारे १६५ अंशांनी वाढते. प्रत्यक्षात काही उष्णता वाऱ्यावर जाते हे खरे. पण सतत पाय दाबून उतरणाऱ्या चालकाच्या गाडीत एक तृतीयांशाहून अधिक वाटा ड्रमकडे येतो, हेही खरे.

याचे परिणाम तीन प्रकारे होतात. तापलेल्या लायनरची पकड घटते. ड्रम प्रसरण पावून लायनरपासून दूर सरकतो. २५० मिलिमीटर व्यासाच्या ड्रमचा व्यास एवढ्या तापमानवाढीने जवळजवळ अर्ध्या मिलिमीटरने वाढतो आणि तेवढे अंतर पेडलला अधिक खाली जाऊन भरून काढावे लागते. तिसरा परिणाम सर्वांत घातक आहे. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. कोरडे असताना डॉट ३ प्रतीच्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश असतो, ओलावा शोषल्यावर तो १४० अंशांपर्यंत उतरतो. शहापुरात चार महिने धो धो पाऊस असतो आणि ऑइल वर्षानुवर्षे बदलले जात नाही. चाकापाशी ते उकळले की नळीत वाफेचा बुडबुडा तयार होतो. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. पेडल तळाला जाते आणि गाडी मात्र थांबत नाही. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत 'ब्रेक फेल' असे दोनच शब्द छापून येतात. गाडी थंड झाल्यावर तपासणाऱ्याला बहुधा ब्रेक ठीकच आढळतो.

जुन्या जीपमध्ये यावर कडी म्हणजे मास्टर सिलिंडर एकाच मार्गाचा असतो. चारही चाकांना एकच ऑइल, एकच दाब. एका चाकाचा रबरी होज फुटला की चारही ब्रेक जातात. आधुनिकीकरणासाठी हाती मोजकेच पैसे असतील, तर ते प्रथम येथे खर्च करावेत. पुढच्या आणि मागच्या चाकांना स्वतंत्र दाब देणारा दुहेरी मास्टर सिलिंडर बसवणे हा सर्वांत मोलाचा बदल होय. महिंद्रच्याच नंतरच्या गाड्यांतील भाग यासाठी जुळवून घेता येतात. जुळवताना पिस्टनचा व्यास मात्र तपासावा. मोठा व्यास निवडला तर पेडल घट्ट लागते पण दाब कमी मिळतो, आणि नेमक्या याच घट्टपणाला अनेक जण ब्रेक सुधारला असे समजतात.

डिस्क ब्रेक बसवण्याची घाई प्रस्तुत लेखकाला योग्य वाटत नाही. पुढे डिस्क उत्तम काम करते, याबद्दल वाद नाही. ती उघडी असल्याने लवकर थंड होते आणि तापून प्रसरण पावली तरी पॅडपासून दूर जात नाही. परंतु तिला अधिक दाब लागतो आणि मागे ड्रम तसेच ठेवल्यास पुढील-मागील समतोल नव्याने साधावा लागतो. आपली पिकअप रिकामी असताना मागे हलकी असते. उतारावर ब्रेक दाबला की वजन आणखी पुढे सरकते आणि मागची चाके सहज अडकतात. ओल्या रस्त्यावर अडकलेली मागची चाके गाडीला आडवी करतात. म्हणून डिस्क बसवायची असेल, तर मागील दाब मर्यादित करणारा व्हॉल्व्ह तिच्याबरोबर बसवलाच पाहिजे. ते शक्य नसेल, तर नीट खरादलेले ड्रम, चांगल्या प्रतीचे लायनर, नव्या नळ्या आणि दर दोन वर्षांनी बदललेले डॉट ४ ऑइल यांवर ही गाडी समाधानकारक थांबते.

निर्वाताच्या जोरावर पायाला मदत करणारा बूस्टर बसवताना इंजिनाचा प्रकार लक्षात घ्यावा. पेट्रोल इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये निर्वात आपोआप मिळतो. डिझेल इंजिनात सामान्यतः तो मिळत नाही, त्यासाठी बहुधा अल्टरनेटरला जोडलेला स्वतंत्र पंप लागतो. घाटात इंजिन बंद करून 'तेल वाचवणाऱ्या' चालकाच्या हे ध्यानात येत नाही की बूस्टरची मदतही काही दाबांनंतर संपते.

यंत्र कितीही सुधारले तरी गिअरची जागा ब्रेक घेऊ शकत नाही. या गाडीच्या तीन गिअरच्या पेटीत पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला गिअर सहज पडत नाही. उतार सुरू झाल्यावर गिअर बदलायला गेलेला चालक न्यूट्रलमध्येच अडकू शकतो. म्हणून दुसरा गिअर घाटमाथ्यावरच, उतार लागण्यापूर्वी टाकलेला बरा. मिटलेल्या थ्रॉटलमुळे पेट्रोल इंजिन हवा ओढताना जोर खाते आणि तोच जोर गाडीला मागे धरतो. जुने चालक चढ ज्या गिअरमध्ये चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचा असे सांगत असत, त्यामागचे शास्त्र हेच आहे.

वेग

घाटाइतकाच प्रश्न सपाटीवरचाही आहे. मूळ मागील आसाचे गुणोत्तर ५.३८ आहे. १६ इंची मूळ आकाराच्या टायरवर तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ६० किलोमीटर वेगाला इंजिन मिनिटाला सुमारे २,५०० फेरे करते आणि ८० ला सुमारे ३,३००. हरिकेन इंजिनाची कमाल शक्ती ४,००० फेऱ्यांना मिळते, पण लांब स्ट्रोकचे हे इंजिन तेथे तासन्‌तास चालवण्यासाठी नाही. कमी गुणोत्तराचे दाते बसवून महामार्गाचा वेग गाठता येतो. मात्र मग चढावर तीनच गिअर अपुरे पडतात. रेडियल टायर, घट्ट केलेले किंगपिन आणि स्टिअरिंगची काढलेली ढिलाई यांवर गाडी ताशी ६० पर्यंत सरळ धावते. तेवढ्यावर समाधान मानावे, हे उत्तम.

वीज आणि दिवे

सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर जाण्याचे कारण अनेकदा 'उजेड वाढतो' एवढेच सांगितले जाते. खरे कारण तारेतील घटीत आहे. दोन दिव्यांना मिळून ९० वॅट लागत असतील, तर सहा व्होल्टला १५ अँपिअर प्रवाह वाहतो आणि बाराला साडेसात. त्याच तारेतील व्होल्टची घट निम्म्यावर येते आणि मूळ व्होल्टेजच्या प्रमाणात पाहिले तर चौथाईवर. गंजलेल्या जोडांच्या जुन्या गाडीत हा फरक डोळ्यांना दिसतो. डायनॅमोच्या जागी अल्टरनेटर आला की इंजिन मंद फिरत असतानाही बॅटरी भरत राहते. पावसाळ्यात धुक्यात, वायपर व दिवे लावून रांगेत रखडलेल्या गाडीला याचीच गरज असते.

संपूर्ण वायरिंग नवी करावी, प्रत्येक मार्गाला फ्यूज द्यावा, दिव्यांना रिले द्यावा आणि अर्थिंगच्या जागी रंग खरवडून लखलखीत धातू उघडा करावा. जुन्या गाड्यांतील निम्मे विद्युत दोष अर्थिंगचेच निघतात, असे मेकॅनिक सांगतात आणि त्यात अतिशयोक्ती कमी असते. हॅलोजनसाठी बनलेल्या परावर्तकात एल.ई.डी.चा दिवा खोचण्याचा प्रकार मात्र टाळावा. प्रकाशाचा उगम परावर्तकाच्या केंद्रापासून ढळतो, किरण विखुरतात, समोरच्याचे डोळे दिपतात आणि धुक्यात आपल्याच डोळ्यांपुढे पांढरी भिंत उभी राहते.

थंडावा आणि इंधन

चढावर गाडी हळू आणि इंजिन जोरात, अशी स्थिती असल्याने रेडिएटरला वाऱ्याची मदत मिळत नाही. नव्या गाभ्याचा रेडिएटर, चालता थर्मोस्टॅट आणि योग्य दाबाचे झाकण एवढ्यावर मूळ इंजिन थंड राहते. अर्धा बार दाब धरणारे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू १११ अंशांच्या वर नेते. जुना रेडिएटर तसाच ठेवून नवे झाकण लावले, तर तो दाब जुन्या डाखांवर येतो, हेही ध्यानात घ्यावे.

पेट्रोलचे स्वरूप या गाड्यांच्या जन्मानंतर दोनदा बदलले. शिशाचे पेट्रोल देशभरात फेब्रुवारी २००० पासून बंद झाले. अलीकडे पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आले. पहिल्या बदलामुळे, ज्या इंजिनांत बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हची बैठक मऊ बिडातच कोरलेली असते तेथे ती झिजू शकते. इंजिन उघडलेच असेल तर कठीण धातूची बैठक आहे की नाही हे पाहून घ्यावे. दुसरा बदल अधिक व्यापक आहे. इथेनॉलने जुने रबर फुगते व तडकते. म्हणून इंधनपंपाचा पडदा, नळ्या आणि कार्बोरेटरमधील वॉशर इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे घ्यावेत. इथेनॉल पाणीही ओढते, त्यामुळे पावसाळाभर अर्धवट भरलेली पत्र्याची टाकी आतून गंजते. शिवाय या मिश्रणाला हवेच्या प्रमाणात सुमारे आठ टक्के अधिक इंधन लागते. कार्बोरेटरचा जेट जुनाच राहिला तर इंजिन भुकेले चालते, चढावर तापते आणि दोष रेडिएटरच्या माथी मारला जातो. प्रदूषण तपासणीत या पिढीच्या चारचाकी पेट्रोल गाड्यांना कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १,५०० पीपीएम आहे. नीट जुळवलेले हरिकेन इंजिन ती पाळू शकते.

पत्रा, सांगाडा आणि हौदा

रंगाला सर्वांत शेवटी हात घालावा. आधी सांगाड्याच्या पेटीसारख्या पट्ट्यांत साचलेला चिखल आणि भाताचा पेंढा काढून हातोडीने ठोकून पाहावे. खणखणीत आवाज आला तर लोखंड शाबूत. बद्द आवाज आला तर आत गंज. गंजलेला भाग कापून त्याच जाडीचा तुकडा वेल्डिंगने बसवणे ही दुरुस्ती आहे. वरून पट्टी चढवून पुट्टीने झाकणे ही फसवणूक आहे आणि ती फसवणूक बहुधा पुढच्या खरेदीदाराची होते. पाट्यांच्या टांगण्या आणि स्टिअरिंगच्या पेटीचा जोड येथे तर पट्टी मुळीच चालवू नये.

सीटबेल्ट मूळ गाडीत नव्हते. पुढील आसनांना सीटबेल्टची सक्ती १९९४ नंतर उत्पादित गाड्यांपासून आली. जुन्या गाडीत ते आवर्जून बसवावेत, पण त्यांचा बोल्ट पातळ तळपत्र्यात न घेता मागे जाड पट्टी देऊन मजबूत आडव्या भागात घ्यावा. धक्क्याच्या क्षणी पत्र्यातून उपटून येणारा पट्टा असून नसल्यासारखाच.

हौद्याबद्दल एक कटू बाब सांगणे भाग आहे. म्हशाच्या जत्रेला, लग्नाला, भातलावणीला माणसे फाळका लावून हौद्यात उभी केली जातात. मालवाहू गाडीतून भाड्याने किंवा फुकट नेलेल्या प्रवाशांच्या नुकसानभरपाईची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात २००२ मध्ये दिला. कायद्याने संरक्षण दिले आहे ते मालाच्या मालकाला किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीला. गाडी मूळ रूपात आणली, ब्रेक नवे केले, दिवे लख्ख केले आणि हौद्यात पंधरा माणसे घेतली, तर अपघाताचा सारा भार त्या शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर येऊ शकतो.

कारागीर

या सगळ्या कामांसाठी लागणारे सुटे भाग अजून मिळतात. कुर्ल्याच्या जुन्या भागांच्या बाजारापासून नाशिकपर्यंत शोध घेतला की गिअरचे दाते, आसांचे बेअरिंग, पाटे हाती येतात, कारण ही यंत्रणा महिंद्रच्या पुढील अनेक गाड्यांत टिकून होती. तुटवडा आहे तो कारागिरांचा. कार्बोरेटर कानाने जुळवणारा, ड्रम खरादून त्याला लायनर घासून बसवणारा, किंगपिनची ढिलाई पातळ पत्र्याच्या वॉशरांनी मोजून काढणारा फिटर आता साठीकडे झुकलेला असतो. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा आणि डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा अभ्यासक्रम स्वाभाविकच इंधन-अंतःक्षेपण आणि संगणकीय निदानाकडे वळला आहे.

महाविद्यालयांच्या दृष्टीने येथे करण्यासारखे एक काम आहे. भौतिकशास्त्र विभागाने घाट उतरलेल्या गाडीच्या ड्रमचे तापमान साध्या अवरक्त तापमापकाने दर किलोमीटरला नोंदवावे, एकदा तिसऱ्या गिअरमध्ये आणि एकदा दुसऱ्या. रसायनशास्त्र विभागाने स्थानिक गाड्यांतील ब्रेक ऑइलचे नमुने घेऊन त्यांतील ओलावा मोजावा. मराठी विभागाने साठीच्या त्या फिटरांकडून अवजारांची, भागांची आणि दोषांची नावे लिहून घ्यावीत. फाळका, हौदा, पाटे हे शब्द आपल्याला ठाऊक आहेत, पण गिअरपेटीच्या आवाजांना त्यांनी दिलेली नावे अद्याप कोणत्याही कोशात नाहीत. तिन्ही नोंदी एकाच वर्षात होण्याजोग्या आहेत. पहिली पावसाळ्यापूर्वी, दुसरी पावसाळ्यानंतर घ्यावी आणि तिसरी तेवढी लवकर सुरू करावी.